अंदमानचा रकाना

सकाळपासून किसनराव तायड्यांचा पाय घरात ठरत नव्हता. ओसरीतून आत, आतून मोरीपर्यंत, तिथून पुन्हा ओसरीत. अकोल्याचा मे महिना, दहा वाजताच बाहेर बघवत नव्हतं, आणि हा पासष्टीचा गृहस्थ बनियनवर येरझारा घालत होता. बत्तीस वर्षं बाळापूरकडच्या शाळांत भूगोल शिकवला, पृथ्वी कशी फिरते ते पोरांकडून घोकून घेतलं. आज मास्तर स्वतःच फिरत होते.

कारण लेकीचं होतं. नीलम दोन वर्षांपूर्वी केंद्र सरकारच्या नोकरीला लागली आणि पहिलीच नेमणूक अंदमानला झाली. आता अमरावतीच्या कार्यालयात एक जागा निघाली होती. बेटावर दोन वर्षं काढलेल्यांना पहिला हक्क, म्हणजे अर्ज भरला की जागा तिचीच. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. अर्ज गेला तर पोरगी दोन तासांच्या अंतरावर, नाही गेला तर आणखी तीन वर्षं समुद्रापार. आणि काल फोनवर ती सहज बोलावं तसं बोलली होती, "बाबा, तुमी भूगोलवाले. मी कुठं बरी राहीन ते तुमीच सांगा. तुमी म्हनान तसं करते."

झालं! मास्तरांनी माळ्यावरून जुनी कोरी हजेरीवही काढली आणि पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे अकोला (अमरावतीचंही हवामान तेच), उजवीकडे अंदमान.

"पोरीले घरी आनाले वही काहून लागते तुमाले?" पंचफुलाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "सरळ इचारा ना तिले, बाई, तुले यायचं हाय का नाई."

"तिनं मले इचारलं हाय. उलटून मी तिलेच इचारू? असं काई बी सांगता येत नाई, अभ्यास करा लागते."

पंचफुलाबाईंनी एक देठ जरा जोरातच मोडला.

मास्तरांनी अभ्यास केला. तापमान: इकडे शेहेचाळीस, तिकडे एकतीस. पाऊस: इकडे सात-आठशे मिलिमीटर, तोही त्याच्या मर्जीनं, तिकडे तीन हजार. आर्द्रता: इकडे पंधरा टक्के, तिकडे ऐंशी. जमीन: इकडे काळी, उन्हाळ्यात अशी भेगाळते की पोराचा पाय आत जावा, तिकडे बारा महिने हिरवीगार. पाणी: इकडे नळ चौथ्या-पाचव्या दिवशी, घरभर ड्रम मांडलेले. तिकडच्या पाण्याबद्दल नीलमनं कधी तक्रार केली नव्हती. उलट समुद्र कार्यालयापासून पाच मिनिटांवर, सुटलं की तिथं जाऊन बसते, वारा छान येतो, शेजारी चांगले आहेत, मासळी ताजी मिळते. तेही सगळं त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवलं.

दुपारपर्यंत अकोला प्रत्येक ओळीत हरलं. किसनराव वहीकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर त्यांना लेक घरी हवी होती, इतकी हवी होती की त्या इच्छेचीच त्यांना लाज वाटायला लागली होती. आपला जीव रमत नाही म्हणून तिला या भट्टीत ओढायचं? बापानं एवढं स्वार्थी असू नये, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि दोन वाजता फोन लावला.

"जय भीम, बाबा."

"जय भीम. पोरी, तिथंच राह्य. मी सगळं ताडून पाह्यलं. हरेक बाबतीत तेच ठिकान सरस हाय."

 नीलम म्हणाली, "बरं, बाबा." आणि फोन बंद झाला.

पंचफुलाबाई आत जाऊन भांडी आपटू लागल्या, आणि त्या भांडी आपटतात म्हणजे काय ते किसनरावांना चाळीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. ते आडवे झाले, उठले, पुन्हा आडवे झाले. मोठं मन दाखवल्यावर माणसाला बरं वाटतं म्हणतात. त्यांना काडीचंही बरं वाटत नव्हतं.

चार वाजता ते कूलरमध्ये पाणी भरायला उठले. पंचफुलाबाईंनी तेव्हाच ओलं लुगडं दोरीवर टाकलं. टाकी भरून, पाइप गुंडाळून ठेवेपर्यंत ते लुगडं वाळून फडफडायला लागलं होतं. कूलरच्या गवताच्या ओल्या ताट्यांमधून गार वारा आला. किसनराव वही घेऊन त्या वाऱ्यात बसले आणि त्यांची नजर आर्द्रतेच्या ओळीवर पडली. पंधरा आणि ऐंशी.

 त्यांनी कपाळावर हात मारला.

पहिल्या उन्हाळ्यात नीलम म्हणाली होती, बाबा, उकाड्यानं झोप लागत नाही. बापानं तीन दिवस कारागिराच्या डोक्यावर बसून पत्र्याचा कूलर बनवून घेतला आणि चेन्नईच्या बंदरातून जहाजानं पाठवला. पोचायला दोन महिने लागले. "मस्त थंड हवा येते, बाबा," पोरीनं कळवलं, आणि मास्तरांनी ते सगळ्या गल्लीला ऐकवलं. अहो, जिथं हवेतच एवढं पाणी, तिथं ताटीतलं पाणी उडणार कुठं? पाणी उडालं नाही तर वारा गार होणार कसा? हे त्यांनी बत्तीस वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं! तो कूलर तिथं एक दिवससुद्धा चालला असणं शक्य नव्हतं.

म्हणजे पोरगी दोन वर्षं खोटं बोलत होती. त्यांनी उजवा रकाना पुन्हा वरून खाली वाचला. आकडे पुस्तकातले होते. पण समुद्र, वारा, शेजारी, मासळी, सगळं तिच्या तोंडचं होतं. 

फोन लागेना. व्यक्ती संपर्काबाहेर आहे, म्हणे! सव्वाचार, साडेचार. ओसरीत लागेना, अंगणात लागेना. मास्तर तसेच अनवाणी गच्चीवर धावले. मागून पंचफुलाबाई त्यांच्या चपला घेऊन चढल्या. पाचला दहा मिनिटं असताना एकदाची पलीकडे घंटी वाजली.

"नीलम, कूलर चालते का?"

"बाबा? हे आत्ता काहून?"

"चालते का, थे सांग."

"नाई, बाबा." तिचा आवाज बारीक झाला. "आठ दिवसांतच भिंतीले बुरशी आली, मले खोकला लागला. बंद करून ठेवला. तुमी इतक्या हौसेनं पाठवला होता..."

"आन् समुद्रावर जाऊन बसतं, ते?"

"पहिल्या महिन्यात जात होती. इथं साडेपाचले अंधार पडते, बाबा. खोलीवर येते, दार लावते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाईपर्यंत तोंडातून शब्द निघत नाई. गावात सगळ्यांले सांगत होते ना तुमी, माही पोरगी समुद्र ओलांडून गेली म्हनून. मंग मी कसं सांगू?"

"तुले यायचं हाय का?"

पलीकडून आधी नुसता हुंदका आला. "मी सकाळीच अर्ज भरला होता, बाबा. वाटलं, तुमी ये म्हनान. तुमी राह्य म्हनले. दोन वाजल्यापासून अर्ज मागं घ्याचं पान उघडून बसली हाय. हिंमतच नाई होऊन राहिली."

 फोन स्पीकरवरच होता, पंचफुलाबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी नवऱ्याच्या हातून फोन ओढून घेतला.

"बंद कर थे पान, माय. तुह्या बापाचं नको ऐकू. मी सांगून राहिली, ये तू."

"बाबा?" नीलमनं विचारलं.

"ये," किसनराव कसेबसे म्हणाले. "मले करमत नाई, पोरी."

फोन मात्र कुणीच ठेवला नाही. दोघं नवरा-बायको त्या तापलेल्या गच्चीवर फोन मध्ये धरून उभी राहिली. बऱ्याच वेळानं नीलम म्हणाली, "पाच वाजून गेले, बाबा. आता मागं घेता येत नाई." तेव्हा किसनराव खाली बसले आणि बायकोसमोर ढसाढसा रडले.