चिंचेनं घासलेली तार

येडगावच्या धरणात वीस वर्षं पडून असलेली पाणबुडी मोटारीची केबल शेजारच्या गेणभाऊंनी आणून दिली, तेव्हा कुंडलिकदादांना सोनं सापडल्यासारखं झालं. वारूळवाडीत त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, पण नाद एकच. जुन्या केबलींतून आपल्या ॲम्प्लिफायरसाठी करंटच्या वायरी बनवायच्या. पाण्यात मुरलेल्या तांब्यानं आवाज मोकळा होतो, असं त्यांचं ठाम मत.

त्या रविवारी त्यांनी केबलीची टोकं सोलली, काळं पडलेलं तांबं चिंचेनं घासलं आणि तिन्ही तारांची घट्ट वेणी घातली.

"देवाची भांडी काळी पडलीत अन् चिंच वायरीला!" चिमाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "उद्या तिला वरणभात बी वाढा."

"आधी ऐक तर. देव बी खाली येऊन बसंल."

मग नेहमीचा खेळ. सनईची कॅसेट एका तानेपर्यंत वाजवायची, वायर बदलायची, पुन्हा तेवढंच वाजवायचं आणि लेकीकडं बघत राहायचं.

"प्रतिभा, फरक पडला का गं?"

प्रतिभाला तो फरक आजवर एकदाही ऐकू आला नव्हता. पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली, "हो दादा, मोकळा झाला."

दादा लहान मुलासारखे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यांची मान कलली, ती कललीच.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुपारी चिमाबाई आतून म्हणाल्या, "ते वाजीव जरा. घर लई गप झालंय."

प्रतिभानं तीच नवी वायर जोडून सनई लावली. त्या तानेपाशी सनई थांबली. कॅसेट मात्र फिरतच होती. स्पीकरमधून खोल पाण्यात मोटार चालावी तशी गुरगुर आली, मग तीही थांबली. दादा उत्तरासाठी थांबत, नेमकी तेवढी शांतता पडली.

"हो दादा, मोकळा झाला." सवयीनंच गेलं तोंडातून.

गुरगुर परत आली, मोठी. खिडकीच्या काचा थरथरल्या. पुन्हा तेवढीच शांतता.

"खरंच दादा. खूप मोकळा."

आता फडताळातली भांडी वाजू लागली. तिनं बटण बंद केलं. लाल दिवा विझला. पिन उपसली. गुरगुर चालूच. हातातली वेणी गार होती, ओली होती.

झोपेत बोलावं तशा चिमाबाई आतून बोलल्या, "अगं, कवाधरनं इचारतायत ते. सांग की."

खरं सांगितलं तर रविवारचं ते हसूही जाईल. तेवढंच तर तिच्यापाशी उरलं होतं. तिनं ती ओली वेणी घट्ट धरली. मग म्हणाली,

"दादा, मला कधीच काही फरक ऐकू आला नाही. एकदाही नाही. तुम्ही माझ्याकडं बघत राहायचात ना, ते थांबू नये म्हणून हो म्हणत गेले."