रक्त उजळणारा दिवा

जिन्यावर माणसं, जिन्याखाली माणसं, खालच्या टायरच्या दुकानासमोर माणसं. दुकानदारानं बाहेर टायर रचून ठेवले होते, त्यांच्यावरही माणसं.

"काळं कुळकुळीत रक्त आत गेलं. माझ्या डोळ्यांदेखत."

"आणि बाहेर?"

"लालभडक. डाळिंब फोडल्यासारखं."

"मग गुडघा?"

"अहो, रक्तच धुतलं म्हटल्यावर गुडघा बरा झाल्यावाचून कुठे जातोय."

"मला तसा काही आजार नाही. पण म्हटलं, आतून एकदा धुऊन घ्यावं. पुढे सवड मिळेल न मिळेल."

रांग पुढे सरकत नव्हती आणि घरीही कुणी जात नव्हतं. वर पूर्वी फोटो स्टुडिओ होता, तिथे आता दिवेवाले डॉक्टर बसत. स्टुडिओचा पडदा भिंतीवर तसाच लटकत होता: रंगवलेलं तळं, रंगवलेले हंस. त्या तळ्याकाठी बाकावर बसलेला प्रत्येकजण पाय हलवत होता. मीही.

बाकावर आम्ही तिघं. दादा रंगारी, कापडाला नीळ देतो, त्याचे हात कोपरापर्यंत कायमचे निळे. वहिनीची दोन्ही मूत्रपिंडं थांबलेली. ("दोघांनी एकदम राजीनामा दिला, भाऊजी. एकानं तरी थांबायचं.") ठरल्या दिवशी ती इस्पितळात जाऊन डायलिसिस घ्यायची, म्हणजे यंत्रातून रक्त साफ करून घ्यायची. आणि मी दादाचा धाकटा भाऊ. शाळेत इतिहास शिकवतो, म्हणजे रक्तातलं मला काही कळत नाही. हे दादानं जिना चढताना मला दोनदा ऐकवलं होतं.

आणि

"सूर्य काय करतो? शुद्ध करतो. कपडे वाळवतो, जंतू मारतो. पण कुठे अडतो? कातडीपाशी. मी त्याला आत नेतो. तान्ह्या बाळाला कावीळ झाली की इस्पितळवाले त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात की नाही? बोला," दिवेवाले डॉक्टर म्हणाले.

"ठेवतात," बाक म्हणाला.

"मग बाळाला चालणारा दिवा तुम्हाला का चालू नये? कारण त्यांना तुमच्या सुया टोचायच्या आहेत, आयुष्यभर. माझा दिवा साधा नाही. क्वांटम आहे. लहरी सात आहेत, सातवी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती सगळ्यात जास्त काम करते."

डॉक्टरांचा कोट पांढरा, चष्मा काळा. वहिनीच्या दंडाला पट्टा बांधून त्यांनी मोठ्या सिरिंजभर रक्त काढलं. काळपट, जवळजवळ जांभळं. सगळ्यांना दाखवलं. "ही तुमची घाण." बाकावरून एक सुस्कारा उठला.

मग ते रक्त काचेच्या नागमोडी नळीत गेलं. जांभळा दिवा लागला. यंत्रातून घुंघुं असा आवाज येऊ लागला. ("हा किरणांचा आवाज.") नळीच्या शेवटी एक बाटली होती आणि त्या बाटलीत रक्त उतरू लागलं ते लाल. इतकं लाल की मीसुद्धा मान पुढे केली.

पण

"रंग मिसळलाय," मी म्हणालो. मोठ्यानं. रंगाऱ्याच्या घरात वाढल्यावर दुसरं काय सुचणार.

दिवेवाले डॉक्टर हसले. "या पाहुण्यांना शंका आहे. इथे रंगातला कुणी जाणकार आहे का?"

दादा उठला. मला वाटलं, आता पकडतो. त्यानं पांढऱ्या रुमालावर त्या लाल रक्ताचा एक थेंब घेतला. बोटानं पसरला, वास घेतला, पाण्याचा थेंब टाकून कडा कशा फुटतात ते पाहिलं. उजेडात धरला. सगळी रांग जिन्यावरून वर वाकून पाहत होती.

"रंग नाही," दादा म्हणाला. "आयुष्य रंगात गेलंय माझं. यात काहीही मिसळलेलं नाही. हे खरं रक्त आहे आणि ते खरंच उजळलंय."

ते रक्त वहिनीच्या शिरेत परत गेलं. आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत एकच वाक्य फिरत होतं: रंगाऱ्यानं स्वतः तपासलंय.

माझा आरोप खोटा ठरला, म्हणून त्याचा दिवा खरा ठरला. यातली चूक मला दिसत होती आणि सांगता येत नव्हती. मी त्या दिवशी उगाच तीन वेळा चप्पल घालून बाहेर पडलो आणि तीन वेळा परत आलो.

म्हणून

डायलिसिस बंद.

"दादा, इस्पितळात जायचा दिवस आहे आज."

"रक्त साफ आहे. साफ कापड कुणी धुतं का?"

"डॉक्टरांना विचारू तरी."

"कुठल्या डॉक्टरांना? जे वर्षभर धुतात आणि एकदाही रंग बदलून दाखवत नाहीत, त्यांना?"

मी वहिनीकडे वळलो. ती ओट्यापाशी उभी राहून पाणी पीत होती. तांब्या वर करून, घटाघटा, डोळे मिटून. इस्पितळात तिला दिवसाचं पाणी मापून दिलेलं. मूत्रपिंड बंद, म्हणजे प्यायलेलं पाणी अंगातच साचणार. दिवेवाल्यांनी सांगितलं होतं, खळखळून प्या, सगळं वाहून जाईल.

"वहिनी, निदान पाणी तरी."

"भाऊजी, तहान लागली की तुम्ही काय करता?"

"पाणी पितो."

"मी भिंतीकडे तोंड करून झोपते. वर्ष झालं." तिनं तांब्या पुन्हा भरला. "तुमचं म्हणणं खरं असेलही. पण आज नका सांगू."

काय बोलणार होतो मी? यंत्रात काय आहे? ठाऊक नाही. रक्त लाल का झालं? ठाऊक नाही. मग तुला खोटं कशावरून वाटतं? वाटतं. वाटण्यावर इतिहासाच्या तासालाही मी कुणाला मार्क देत नाही.

तरीही

तिचे पाय सुजले. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. दादानं दिवेवाल्यांना फोन लावला.

"उत्तम," फोन म्हणाला. "घाण पायांवाटे उतरतेय."

मग चेहरा सुजला. ("घाण वर चढून बाहेर पडतेय.") मग दोन वाक्यांमध्ये तिला थांबून श्वास घ्यावा लागू लागला. ("फुप्फुसं मोकळी होताहेत.") त्या माणसाकडे प्रत्येक लक्षणासाठी एक आनंदाची बातमी तयार होती.

दुपारी दारात सिस्टर उभी. डायलिसिस विभागातली, वहिनीचे तिथे यायचे ठरलेले दिवस चुकले म्हणून पत्ता शोधत आलेली. तिनं चप्पलही काढली नाही. वहिनीच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि मला म्हणाली, "गाडी बोलवा. आत्ता."

मी फोन केला. गाडी निघाली होती, पूल ओलांडून यायची होती.

"मी येणार नाही," वहिनी म्हणाली. "माझं रक्त... साफ आहे."

"ताई, वाद नंतर. नमुना घेते, पोहोचल्या पोहोचल्या तपासायला देऊ." डायलिसिसची सुई लागते तो हात सोडून तिनं दुसऱ्या हातातून रक्त घेतलं.

काळपट.

दादा पुढे आला. "पुन्हा काळं? इतक्यात?" त्याचा आवाज बदलला. "चल, उठ, पहिल्यांदा स्टुडिओत जाऊ. गाडी तिकडेच वळवतो."

तो खरंच तिला उचलायला वाकला. सिस्टरनं त्याच्या निळ्या मनगटाला धरलं.

"दादा, शिरेतून काढलेलं रक्त काळपटच असतं. तुमचं काढलं तरी. यांचं काढलं तरी."

"मग त्याच्या दिव्यानं लाल कसं होतं?"

सिस्टरनं एकवार रस्त्याकडे पाहिलं. गाडी नव्हती. नमुना बाटलीत भरून झाल्यावर उरलेलं रक्त तिनं दोन लहान सिरिंजांत घेतलं. पहिली काठोकाठ भरली, हवेचा बुडबुडासुद्धा न ठेवता, आणि खिडकीत उन्हात ठेवली. दुसरीत थोडंसंच रक्त घेतलं, दांडा मागे ओढून बाकीची जागा हवेनं भरली, तोंड बंद केलं आणि दादाच्या हातात दिली.

"कापडात गुंडाळा. घट्ट. उजेड शिरता कामा नये. आणि हलवा."

दादानं खांद्यावरचं जाड ओलं फडकं ओढून त्यात सिरिंज गुंडाळली, वर मूठ आवळली आणि हलवू लागला. वहिनीचा श्वास ऐकू येत होता.

"पुरे. उघडा."

त्यानं कापड सोडलं. आत लाल. स्टुडिओतल्यासारखं, डाळिंबासारखं लाल. आणि खिडकीत, भर उन्हात, पहिली सिरिंज जशीच्या तशी काळी.

मागच्या अंगणात दोरीवर नुकतं काढलेलं कापड होतं. निळीच्या पिपातून कापड बाहेर येतं तेव्हा निळं नसतं. पिवळट हिरवं असतं. मग हवा लागते आणि डोळ्यांसमोर ते निळं होत जातं. दादा रोज हे पाहतो. आत्ताही पाहत होता.

"हवा," तो म्हणाला.

"हवेतला प्राणवायू. रक्ताला मिळाला की लाल दिसतं. आपण श्वास घेतला की तेच होतं, फुकट." सिस्टर सुया आवरत होती. "साफ होण्याशी त्याचा काही संबंध नाही. बाळाचा निळा दिवा खरा आहे, कावीळ उतरवतो. काही मोजक्या आजारांत इस्पितळात रक्ताच्या पेशींवर औषध घालून प्रकाश सोडतातही. पण मूत्रपिंडाचं काम दिवा करत नाही. ताई, तुमच्या फुप्फुसांत पाणी साठलंय. चला."

वहिनीनं दादाकडे पाहिलं.

"मीच सांगितलं होतं," दादा म्हणाला, "की रंग नाही." त्यानं तिला उचललं. गाडीचा भोंगा गल्लीच्या तोंडाशी वाजला.

आणि मग

डायलिसिसच्या यंत्रातून रक्त एका नळीनं जातं, दुसऱ्या नळीनं येतं. दादा दोन्ही नळ्यांकडे खूप वेळ टक लावून बसला होता. जाणारं आणि येणारं, रंगात फरक नाही.

"यात साफ होतंय हे कळतं कसं?"

"मोजून," सिस्टर म्हणाली. मूत्रपिंड थांबलं की रक्तात साचणारा क्षार, पोटॅशियम: आधी किती, नंतर किती. टाळ्या वाजवण्यासारखं त्यात काही नव्हतं. फक्त वहिनी आता सबंध वाक्य न थांबता बोलत होती, आणि पहिलं वाक्य असं होतं: "त्या रांगेत आपल्या गल्लीतली निम्मी माणसं आहेत. तुम्ही इथे नळ्या काय बघत बसलात?"

दादा आणि मी स्टुडिओत गेलो. रंगाऱ्याला रांगेनं आपणहून वाट दिली.

"या, या," दिवेवाले डॉक्टर म्हणाले. "वहिनी ठणठणीत?"

"आज माझं काढा," दादा म्हणाला आणि खुर्चीत बसला. "पण परत अंगात घालायचं नाही. बाटलीतच राहू दे."

दादाचं काळपट रक्त नळीत निघालं. जांभळा दिवा लागला. किरणांचा आवाज सुरू झाला. नीट कान दिला तर तो पडद्यामागून येत होता. मी हंसांचा पडदा बाजूला केला. मागे फरशीवर माशांच्या टाकीला लावतात तसला हवेचा पंप बसून घुंघुं करत होता, त्याची बारीक रबरी नळी पडद्याखालून शेवटच्या बाटलीत शिरलेली. मी पंपाची विजेची पिन उपटली.

किरणांचा आवाज थांबला. दिवा मात्र चालू होता, पूर्ण तेजानं, सातव्या लहरीसकट. बाटलीत रक्त उतरलं ते काळं.

डॉक्टरांनी दिव्याचं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. "आज व्होल्टेज... यांच्या मनात शंका आहे, शंकेनं लहरी..."

"आता दिवा बंद करा," दादा म्हणाला. त्यांनी केला नाही, म्हणून दादानंच हात लांब करून केला. मी पिन पुन्हा लावली. अंधाऱ्या यंत्राशेजारी बाटलीत बुडबुडे उठले आणि रक्त सगळ्यांच्या समोर लाल होत गेलं.

"मी म्हणालो होतो की यात रंग नाही," दादा रांगेकडे वळून म्हणाला. "ते खरंच होतं. पण रंग नाही म्हणजे औषध आहे, असं नव्हतं. ते मी बघितलं नाही. माझी बायको त्यापायी इस्पितळात आहे. ज्यांनी माझ्या शब्दावर गोळ्या बंद केल्या असतील, त्यांनी आज घरी जाऊन सुरू करा. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, पण गोळी घेऊन."

काही माणसं जिना उतरली. काही म्हणाली, दिवा बंद असला तरी त्याचा असर काचेत राहत असेल. एक आजी बसूनच राहिल्या. त्यांना त्या पडद्यासमोर फोटो काढून हवा होता.

थोड्या दिवसांनी स्टुडिओला कुलूप दिसलं. यंत्र मोडलेलं नाही, म्हणजे ते कुठेतरी चालू असणार. दुसऱ्या जिन्यावर, दुसऱ्या रांगेसमोर.

वहिनीला तहान लागतेच. ती भिंतीकडे तोंड करून झोपते आणि ठरल्या दिवशी उठून इस्पितळात जाते. तिथे तिला काहीही चमत्कार दिसत नाही. ती जिवंत राहते.

ते यंत्र तुमच्याकडे आलं तर भांडू नका, माझ्यासारखं घाईनं खोटं कारणही चिकटवू नका. डोळ्यांना दिसलेला फरक खरा असू शकतो. तो कशामुळे झाला, एवढंच विचारा. दिवा बंद करून दाखवा म्हणा. आणि उत्तर मिळेपर्यंत चालू असलेला उपचार बंद करू नका, कुणाच्याही शब्दावर. आपल्या माणसाच्या शब्दावर तर नाहीच.