तीननंतर पाच

कर्णिक साहेब पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात गेले, ते आजतागायत उतरलेले नाहीत. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. अंधेरीच्या एमआयडीसीत कॉम्प्युटर विकणाऱ्या एका कंपनीत मी नुकतीच लागले होते. पतपेढ्यांना आणि सहकारी बँकांना मशीन विकायचं आणि तिथल्या कारकुनांना ते चालवायला शिकवायचं, असा आमचा धंदा. जयवंत कर्णिक आमचे मॅनेजर. नव्या माणसाची सगळ्यांसमोर परीक्षा घ्यायची त्यांना भारी हौस.

"काय हो सुलक्षणाबाई, आपल्या मशीनवर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम चालते?"

"युनिक्स, सर. सिस्टिम फाइव्ह."

ऑफिसात खसखस पिकली. मला वाटलं, ओढणीला शाई-बिई लागली की काय. कर्णिकांनी सावकाश चष्मा काढला.

"सिस्टिम व्ही, मॅडम. व्ही फॉर व्हिक्टरी. तुम्ही काय सातवीचं गणित सोडवताय?"

"सर, तो रोमन पाच आहे. याच्या आधीची सिस्टिम थ्री होती."

"अस्सं! आणि तीननंतर एकदम पाच? मग चार कुठे गेली, गावाला? तीननंतर चार येतात, एवढंही तुमच्या भांडुपच्या शाळेत शिकवत नाहीत वाटतं."

आता तर शिपाईसुद्धा हसला. चार नंबरची सिस्टिम बाजारात कधी आलीच नव्हती, हे मला फार नंतर कळलं. त्या वेळी कळलं असतं तरी कर्णिकांनी ऐकलं नसतं. रोमन पाच ओळखायला कॉन्व्हेंटात जावं लागत नाही, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते मी गिळलं आणि खाली बसले.

माझ्या शेजारच्या टेबलावर क्लॅरिस बसायची. मरोळ गावठाणातली, कंपनीत सात वर्षं काढलेली, कर्णिकांची सगळी पत्रं टाइप करणारी. जेवणाच्या सुट्टीत तिने स्वतःच्या डब्यातली कोळंबीची चटणी माझ्या चपातीवर वाढली आणि म्हणाली, "येडी आहेस काय गं? फाइव्हच आहे ते. ही सिस्टिम आली तेव्हापासून मला ठाऊक हाय."

"मग सांगत का नाहीस त्यांना?"

"पगार फाइव्ह म्हणायचा नाय मिळत, बाय. व्ही म्हणायचा मिळतो. तू पण व्ही म्हण नि गप जेव."

तेव्हा मला ती आवडली होती. याचा राग मला अजून येतो.

घरी बाबांनी माझं नेमणूकपत्र पुन्हा एकदा उघडून ठेवलं होतं. माझे वडील काशीराम. संपात गिरणी गेल्यापासून घरात आलेला प्रत्येक कागद ते बँकेच्या खजिनदारासारखे चारदा बघायचे. इंग्रजी त्यांना अक्षरापुरतं यायचं. पत्रातल्या कलमांना रोमन आकडे होते. बाबांनी एका ठिकाणी बोट ठेवलं.

"अगो, हयसर ह्यां व्ही कित्याक घातल्यानी?"

"व्ही नाही बाबा, पाच. पाचवं कलम. सहा महिने कामावर बघणार. पसंत पडले नाही तर कारण न देता काढणार. पसंत पडले तर कायम."

"म्हंजे बदलीच," बाबा म्हणाले.

गिरणीत बदली कामगार रोज सकाळी फाटकाशी उभा राहायचा. कुणी गैरहजर असला तर त्याला आत घ्यायचे, नाहीतर घरी. बाबांनी अकरा वर्षं तसं काढलं होतं. आता गिरणीच नव्हती आणि घर माझ्यावर होतं. दुसऱ्या दिवसापासून मी व्ही म्हणायला लागले. दरवेळी जीभ दाताखाली आल्यासारखं व्हायचं, पण म्हणायचे. कर्णिक खूश. "सुधारली हो भांडुपची गाडी," असं एकदा माझ्या तोंडावर म्हणाले.

पाचव्या महिन्यात माहितीपत्रकाचं काम निघालं. पतपेढीवाल्यांना इंग्रजी पत्रकं दिली की ती मंडळी त्यात वडा गुंडाळत, म्हणून मराठीत पत्रक काढायचं ठरलं. लिहायला अर्थातच मी. आणि लिहायला बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इंग्रजीत हे लोक इतकी वर्षं कसे निभावून गेले ते. इंग्रजीत नुसता व्ही काढला की झालं. वाचणारा व्ही वाचो नाहीतर पाच वाचो, लिहिणाऱ्याचं पितळ झाकलेलं राहतं. मराठीत तशी सोय नाही. जे तोंडात आहे तेच कागदावर येणार, एक तर 'व्ही' नाहीतर 'फाइव्ह'.

मी 'फाइव्ह' लिहिलं. बोलायला व्ही म्हणेन, पण माझ्या हाताने पाचशे कागदांवर चूक छापून घेणार नाही, एवढा माज माझ्यात शिल्लक होता.

मुलुंडच्या छापखान्यातून प्रूफ आलं. कर्णिकांनी लाल बॉलपेनने तिन्ही जागी 'फाइव्ह' खोडून वर 'व्ही' लिहिलं, खाली सही ठोकली, तारीख घातली. "पुन्हा शहाणपणा केलात तर कायम व्हायचं विसरा," म्हणाले. मी दुरुस्ती छापखान्याला कळवली आणि ते प्रूफ फाडून न टाकता खणात ठेवलं. तेव्हा मनात काही डाव नव्हता, नुसता राग होता.

सहावा महिना संपायला आठ दिवस होते, तेव्हा घाटकोपरच्या एका पतपेढीची मंडळी मशीन बघायला आली. मद्रासच्या मुख्य कचेरीतले मोठे साहेब खास त्यासाठी विमानाने आले होते. त्यांनी इंग्रजीत दहा मिनिटं मशीनचं कौतुक केलं, आणि दर दोन वाक्यांनी स्वच्छ म्हणत होते, "सिस्टिम फाइव्ह." मी कर्णिकांकडे बघितलं. ते टाय चाचपत होते.

पतपेढीचे अध्यक्ष धोंडिराम नावाचे जाडजूड गृहस्थ होते. ते आमचं पत्रक डोळ्यांजवळ धरून वाचत होते.

"ओ साहेब, एक मिनिट," ते म्हणाले. "हे मद्रासी साहेब बोलतात फाइव्ह. तुमच्या कागदावर छापलंय व्ही. म्हणजे दाखवायची एक आणि गळ्यात मारायची दुसरी, असं आहे काय?"

"छे छे! छपाईची चूक. नवीन मुलगी आहे," कर्णिकांनी माझ्याकडे बोट केलं. "मराठी मिडियम. किती वेळा सांगितलं हिला, फाइव्ह म्हण, फाइव्ह म्हण!"

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. धोंडिरामांची समजूत काही पटली नाही. "विचार करून कळवतो," म्हणत ते मंडळींसकट उठले आणि चहा न घेता निघून गेले.

मोठ्या साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. कर्णिक, त्यांचा पत्रव्यवहार बघणारी म्हणून क्लॅरिस, आणि मी. पत्रकातली चूक त्यांना कुणीतरी इंग्रजीत समजावली होती. ती कुणाची, एवढंच त्यांनी विचारलं. कर्णिकांनी परत माझं नाव घेतलं. मी गप्प राहिले असते तर कदाचित दोन शिव्या खाऊन कायम झाले असते. बाबांचा चेहराही डोळ्यांसमोर आला. पण 'किती वेळा सांगितलं हिला' हे वाक्य मला काही केल्या गिळता येईना. मी बाहेर गेले, खणातून प्रूफ काढलं आणि आणून टेबलावर ठेवलं.

"सर, मी फाइव्ह लिहिलं होतं. खोडलं यांनी. ही त्यांची सही."

मोठ्या साहेबांनी कागद उचलला. उभा धरला, आडवा धरला. त्यांना मराठी अक्षर वाचता येत नव्हतं. लाल खाडाखोड दिसत होती, पण कशाचं काय केलंय ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी कागद क्लॅरिसपुढे केला. छापलेलं काय आहे आणि लाल शाईत काय आहे, ते सांग म्हणाले.

क्लॅरिसने प्रूफ बघितलं. मग कर्णिकांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलंच नाही.

"छापलंय व्ही," ती इंग्रजीत म्हणाली. "सरांनी लाल शाईने फाइव्ह केलंय. हिने प्रेसला ते कळवलेलं दिसत नाही."

"क्लॅरिस! खोटं बोलतेस तू!" मी मराठीत ओरडले. तिने कागदाची नीट घडी घातली आणि कर्णिकांच्या हातात दिली. कर्णिकांनी ती खिशात टाकली.

बाहेर आल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. "लाज नाही वाटली?"

"वाटली ना," ती म्हणाली. "पण मला घरी तीन माणसं पोसायचीत. तुला आधीच सांगितलेलं, गप जेव म्हणून."

"थू तुझ्या जेवणावर," मी म्हणाले, आणि ते मला आजही जास्त वाटत नाही.

शनिवारी दुपारी कर्णिकांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं, पहिल्या दिवशी केलं होतं तसंच. हातात क्लॅरिसने टाइप केलेलं पत्र होतं. त्यांनी घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, की नेमणूकपत्राच्या क्लॉज फाइव्हप्रमाणे आपली सेवा आजपासून संपुष्टात येत आहे.

मी पत्र हातात घेतलं. बरोबर होतं. कागदावर क्लॉजपुढे नुसता एक व्ही होता, आणि या खेपेस साहेबांची जीभ जरासुद्धा अडखळली नव्हती.

"सर, उच्चार चुकला," मी म्हणाले. "क्लॉज व्ही. व्ही फॉर व्हिक्टरी."

त्या दिवशी कुणी हसलं नाही. क्लॅरिसने टाइपरायटरवरून मान वर केली नाही.