मूठभर कांदे आणि चौसष्ट घरे

मी एक जुना बुद्धिबळाचा पट आहे, मित्रांनो. नाशिकच्या एका सुताराने मला सागाच्या फळीतून घडवले, तेव्हा माझी चौसष्ट घरे आरशासारखी चमकत. आज त्यांवर चहाचे डाग आहेत, तंबाखूची भुकटी आहे आणि अंगाला सडक्या कांद्याचा वास येतो. मला माझीच किळस येते. पण त्याहून मोठी किळस एका माणसाच्या फुशारकीची आली.

लासलगावचे कांदा व्यापारी गोटीरामशेठ यांच्या खळ्यावर, म्हणजे कांदा निवडायच्या आवारात, मी राहतो. लिलावात शेठ ट्रॉलीत वरच्या वर हात घालून मूठभर कांदे काढतात आणि साऱ्या मालाचा भाव बोलतात. या मुठीचा त्यांना भारी गर्व. दुपारी ते माल तोलणाऱ्या कुंदनशी माझ्यावर खेळत. सलग साठ डाव जिंकल्यावर त्यांनी जाहीर केले, "बुद्धिबळाचं कोडं सुटलं! पांढऱ्यानं माझ्या चालीनं खेळलं की पांढराच जिंकतो. कॉम्प्युटर बसू दे समदे डाव तपासत. मला मूठभर लय झाले."

शी! साठही डावांत कुंदन आपला वजीर मुद्दाम मारायला देत होता. मालकाला हरवून कामावर कोण टिकणार? त्याची घामट बोटे वजीर पुढे ढकलत आणि तोंड म्हणे, "वा शेठ, काय डोकं!"

इथवर मी सोसले असते. पण शेठची नात आरोही नाशिकला जिल्हा स्पर्धेत खेळणार होती. तिला त्यांनी बजावले, "माझीच चाल खेळायची. हारलीस तर बुद्धिबळ बंद!"

पोरगी रडकुंडीला आली. "आबा, ही चाल का जिंकते ते तर सांगा."

"का बिका नाय. साठदा जिंकली."

आरोहीने माझ्यावर दोन राजे आणि एक हत्ती मांडला. "हे बघा. राजा आणि हत्ती मिळून समोरच्या एकट्या राजाला कोंडत कडेला नेतात. इथं सगळ्या चाली तपासाव्या लागत नाहीत, जिंकण्यामागचं कारण कळलं की झालं. अख्ख्या बुद्धिबळाचं असं कारण उद्या कुणाला सापडेलही. तुमच्याकडं कुठंय?" मग ती वळली. "कुंदनकाका, आज खरं खेळा."

कुंदनने घाबरून मालकाकडे पाहिले.

"खेळ की!" शेठ गुरगुरले.

पंचविसाव्या चालीला शेठच्या पांढऱ्या राजावर मात झाली.

ट्रॉली रिकामी करताना तळाशी सडका माल निघाला की शेठ शेतकऱ्यावर जसे ओरडतात, तसेच ते ओरडले, "म्हणजे साठ डाव मला सडका माल दिलास?"

कुंदन खाली मान घालून म्हणाला, "तुम्ही कधी तळाला हात घातलाच नाय, शेठ."

शेठनी माझ्यावरचा एक डाग अंगठ्याने घासून पाहिला. मग आरोहीला म्हणाले, "जा. तुझ्या डोक्यानं खेळ."

मित्रांनो, पट ओल्या फडक्याने पुसत जा, डाग निघतात. पण भीतीने हरणाऱ्याला हरवून मिळवलेल्या विजयाची घाण माझ्या अंगावरून अजून निघालेली नाही.