नाही म्हणणारा दिवा

गुरुवारी सकाळी साडेदहाला हिल्त्येच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. स्वयंपाकघरातल्या खुर्च्या आल्या, शेजारचं बाकडं आलं, तरी चौघंजण भिंतीला टेकून उभेच होते. प्रत्येकाच्या बशीत एकेक बिस्किट आणि सगळ्यांचे डोळे खिडकीतल्या, वायफायला जोडलेल्या दिव्यावर. मार्चमध्ये वारलेला वोब्बे, हिल्त्येचा नवरा, त्या दिव्यातून बोलत होता. एक उघडझाप म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. जिवंतपणी वोब्बेने कुठल्याच प्रश्नाला इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं.

त्याला बोलतं करणारा गृहस्थ होता ओडिलोन. मखमली जाकीट, कातरलेली पांढरी दाढी आणि दातांच्या दवाखान्यात लावतात तसल्या संगीतासारखा आवाज. आत्मा म्हणजे कंपन, वायफाय म्हणजेही कंपन, तेव्हा आत्म्याने वायफायवर का येऊ नये, असं तो विचारायचा आणि मंडळी माना डोलावत. या हिशेबाने आत्मा वॉशिंग मशीनमध्येही यायला हरकत नव्हती. पण ते कोणी विचारलं नाही. शिवाय रविवारी ओडिलोन वीस किलोमीटरवर आपल्या घरी असताना दिवा आपोआप मिचकायचा. त्यापुढे शंकेखोरांची तोंडं बंद झाली होती.

दाराशी उभ्या असलेल्या रेन्स्केचं, हिल्त्येच्या मुलीचं, तोंडही त्या पहिल्या रविवारी बंदच झालं होतं. दिवा मिचकला तेव्हा तिच्या ओठांवर ‘बाबा’ आलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

तिची झोप उडाली ती वेगळ्या कारणाने. सहा आठवड्यांपूर्वी आईने दिव्याला विचारलं होतं, हृदयाच्या गोळ्या चालू ठेवू का. दोनदा मिचकला. गोळ्यांनी आत्म्याशी बोलायची वाहिनी अडते, असा खुलासा ओडिलोनने केला. आता आईचे घोटे सुजले होते, जिना चढताना धाप लागत होती. डॉक्टर दोनदा घरी येऊन गेले. असंच चाललं तर नाताळ दिसणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आईने त्यांना कॉफी दिली आणि वोब्बे नको म्हणतोय असं कळवलं.

आज ओडिलोनने डोळे मिटले. वोब्बेशेजारी आणखी कोणीतरी उभं आहे म्हणाला. “सिन्त्ये. जन्म चार मे. लहानपणीच गेलेली. वोब्बेचा हात धरून उभी आहे.”

दिवा एकदा मिचकला. शेजारच्या सिब्रिखने रुमाल काढला.

“सिन्त्ये आमची शेळी होती,” हिल्त्ये हळूच म्हणाली.

ओडिलोनची पापणीही हलली नाही. तिकडे सगळे जीव सारखेच, म्हणाला. खोलीभर सुस्कारा उमटला.

“शेळीने हात धरलाय?” रेन्स्केने विचारलं.

“शंकेने वाहिनी बंद होते, ताई.”

पण शेळीचा वाढदिवस याला कळला कुठून? रेन्स्के विचार करत संडासात गेली आणि दार लावून घेतल्यावर उत्तर नाकासमोरच टांगलेलं दिसलं. गावातल्या प्रत्येक घराच्या संडासात असते तशी वाढदिवसांची दिनदर्शिका. त्यात एका आत्याच्या आणि एका भाच्याच्या मध्ये बाबांच्या अक्षरात: ४ मे, सिन्त्ये. खाली ठळक अक्षरात वायफायचा पासवर्ड, पाहुण्यांना मागायला लागू नये म्हणून. ओडिलोन दर वेळी आल्या आल्या संडासात जायचा. वयोमान, म्हणायचा.

बाबांच्या अक्षरावर बोट ठेवून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.

मग बोळातल्या कपाटातला राऊटर तिने उलटा केला. पोटावरच्या चिकटपट्टीवर कारखान्यातून आलेला मुख्य पासवर्ड होता, कोणीच कधी न बदललेला. फोनवर राऊटरचं पान उघडलं. जोडलेल्या यंत्रांची यादी आली: टीव्ही, दिवा, आईचा टॅब, तिचा स्वतःचा फोन आणि ‘ओडिलोनचा फोन’. आत्म्याने निदान नाव तरी बदलायचं होतं. बाहेरून आत शिरायची सोयही उघडी ठेवलेली होती. म्हणजे रविवारचा चमत्कार वीस किलोमीटरवरच्या सोफ्यावरून होत होता. तिने ती सोय बंद केली, दोन्ही पासवर्ड बदलले, दिवा नव्याने जोडला आणि खोलीत आली.

“ओडिलोनसाहेब, बाबा अजून आहेत का, विचारा.”

जाकिटाच्या खिशात हात हलला. दिवा ढिम्म. पुन्हा हलला. कोणाच्या तरी अविश्वासाने वोब्बे दुखावलाय, असं त्याने जाहीर केलं.

“बाबा रुसायचे खरे,” रेन्स्के म्हणाली, “पण पासवर्ड बदलला म्हणून नाही.” तिने आपल्या फोनवर बोट टेकलं. दिवा मिचकला. एकदा, दोनदा, मग सातआठदा.

तिने सगळं सांगितलं, दिनदर्शिकेसकट. ओडिलोनला पार्किंगची वेळ संपत आल्याची आठवण झाली आणि तो निघाला. त्या गावात पार्किंगला वेळेचं बंधन कधीच नव्हतं.

“नसतं सांगितलंस तर काय बिघडलं असतं गं?” सिब्रिख चिडून म्हणाली.

रेन्स्केने आईच्या घोट्यांकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, राऊटर हा घराचा दरवाजा आहे. कारखान्यातून आलेली किल्ली, म्हणजे तो पासवर्ड, अनोळखी माणसालाही शोधून काढता येते. घरी जाऊन ती आजच बदला. पाहुण्यांसाठी वायफायची वेगळी वाट ठेवा. आणि दिवा बोलायला लागला, तर त्याला प्रश्न विचारण्याआधी बटण कोणाच्या हातात आहे ते बघा. एवढं केलंत तर कुठल्याही बुवाला तुमच्या घरात काम उरणार नाही.

मंडळी कप ठेवून, एकमेकांची नजर चुकवत गेली. हिल्त्ये बसूनच राहिली.

“मग गोळ्यांना नाही म्हणाला तो कोण?”

“ओडिलोन.”

“आणि तुझे बाबा?”

“बाबा काहीच म्हणाले नाहीत, आई. मार्चपासून ते काही म्हणत नाहीत.”

मग हिल्त्येने डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. गोळ्या आजपासून सुरू करायच्या, पण कशा, ते विचार म्हणाली. ते झाल्यावर तिने हात पुढे केला. पासवर्ड पुन्हा एकदा बदलायचा होता, या वेळी तिला स्वतः. टॅब मांडीवर घेऊन तिने पडद्यावर तळहात आडवा धरला.

“तूही तिकडे बघ,” ती म्हणाली.

रेन्स्केने तोंड फिरवलं.