सूप धरणारी

साहेब, एका खोट्या अर्जावर तुम्ही एका बाईला जिल्ह्याबाहेर काढलंत. अर्ज खोटा होता हे मला ठाऊक होतं, कारण तो मीच लिहिला होता. तुम्हाला ठाऊक नव्हतं, कारण तुम्ही कुणाला विचारलंच नाही. आमच्या पाड्याने विहिरीसाठी तीन अर्ज केले, ते तुमच्या कपाटात पडून आहेत. हा मात्र हुकूम होऊन घाट चढून आला.

तेव्हा आता सगळं ऐका. मी शाळेत गेलेलो नाही. म्हसावदच्या दुकानात ज्या रद्दीत गूळ बांधून देतात, त्या रद्दीवरून अक्षरं शिकलो. जसं येतं तसं लिहितो.

मी वीरसिंग, पावरा. धडगावपासून चार कोस वर आमचा पाडा. माझ्या बापाचा भाऊ बाज्या हा आमचा बडवा. बडवा म्हणजे देव अंगात घेऊन आजार बघणारा, गाऊन माणूस बरा करणारा. आजाऱ्यावरून ज्वारी ओवाळून सुपात टाकतात. काका गात गात दाण्यांच्या जोड्या लावतो आणि कुठला देव रुसलाय ते सांगतो. तेवढा वेळ कुणीतरी सूप धरून बसायचं. हलायचं नाही. जो सूप धरतो तोच पुढचा बडवा, असं आमच्या पाड्यात चालत आलंय. सात वर्षं ते सूप माझ्या हातात होतं.

मग रांगीबाई आली. खरं नाव रागनहिल्ड, पण ते कुणाच्या जिभेवर बसेना. देश नॉर्वे, बर्फाचा. मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. दोन वर्षांनी भांडून बाहेर पडली आणि धडगावात खोली घेऊन बाळंतिणी बघू लागली. धर्म बदल असं तिने कुणाला सांगितलं नाही. तिचं भांडणच त्यावरून झालं होतं. अर्ज लिहिताना मला हेही माहीत होतं.

एका सकाळी ती काकाच्या अंगणात येऊन खाली बसली. "बाबा, मला ऐकायला बसू द्या."

"कशाला?" काका म्हणाला. "तुझ्याकडे सुया आहेत की टोचायला."

ती हसली. आमचीच भाषा मोडकीतोडकी बोलायची. तुमच्यासाठी मी ती मराठीत मांडतोय. "आमच्याकडे फार पूर्वी बाई काठी घेऊन उंच जागी बसायची. बाकीच्या बाया भोवती गायच्या. ती डोळे मिटून दूर जायची आणि परत येऊन सांगायची. काही आजीने सांगितलं, काही जुन्या पोथ्यांत वाचलं. पण गाण्याची चाल गेली, कुणालाच येत नाही. तुमचं मला न्यायचं नाही, बाबा. गाणं जिवंत कसं ठेवतात तेवढं बघायचंय. मग आमचं आम्ही शोधू."

काकाने तंबाखू चोळून तोंडात टाकली. "बस," म्हणाला.

महिनाभर ती नुसती बसली. मला वाटलं कंटाळेल. एकदा काका गाता गाता अडकला. म्हातारा झालाय. पुढची ओळ तिने हळूच गुणगुणली आणि काकाने ती उचलली. साहेब, ती ओळ मला येत नव्हती. सात वर्षं मी सुपाकडेच बघत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी एक आजारी माणूस आला, अंगणात माणसं जमली, आणि काकाने सूप माझ्यापुढून उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"काका, ती आपल्या रक्ताची नाही!" मी सगळ्यांपुढे ओरडलो. "आमच्या देवात परका हात कशाला?"

काकी, म्हणजे शांतीबाई, चुलीजवळून म्हणाली, "उठ आता, गुडघे मोकळे कर. सात वर्षं सूप धरलंस, दाणा काय म्हणतो ते एकदा तरी विचारलंस का रे?"

माणसं हसली. आजारी माणूससुद्धा हसला.

रांगीबाई हसली नाही. सूप खाली ठेवून माझ्याकडे वळली. "वीरसिंगभाऊ, मोठ्या लढाईत जर्मनांनी आमचा देश घेतला, तेव्हा आमच्याकडेही काही माणसं हेच म्हणत होती. जुने देव फक्त आपल्या रक्ताचे. देवांच्या खुणा त्यांनी कोटाच्या कॉलरवर लावल्या. आमच्या गावात एक ज्यू शिंपी होता, माझा झगा त्यानेच शिवलेला. त्याला बायकापोरांसकट बोटीत घालून नेलं. कुणी परत आलं नाही. तेव्हापासून देवाजवळ कुणी रक्ताचं नाव काढलं की मला भीती वाटते."

काका म्हणाला, "खालचा गुजर पाटील पोराला घेऊन आला, तेव्हा मी त्याची जात विचारली का? देवाने त्याला अडवलं नाही. मग ऐकणाऱ्याला कशाला अडवेल? धर गं सूप."

मला समजलं नाही असं नाही. सगळं समजलं. म्हणूनच जास्त जळलो. तिचं चुकलं असतं तर मी स्वस्थ बसलो असतो.

त्याच दुपारी अर्ज लिहिला. परदेशी बाई माणसं बाटवते. सरकारविरुद्ध शिकवते. आमच्या देवात परका हात आला आहे. खाली नाव घातलं नाही.

तुमच्या शिपायाने हुकूम काकाच्या अंगणातच तिच्या हाती दिला. कचेरीचं मराठी तिला वाचता येईना. पाड्यात वाचता येणारा मी एकटा. तिने कागद माझ्याकडे दिला.

मी वाचू लागलो. साहेब, तुम्ही माझी वाक्यं जशीच्या तशी उतरवली होती. 'परका हात' आला तिथे मी थांबलो.

"वाच की," काकी म्हणाली.

वाचलं. कुणी हसलं नाही.

"हे तर तू इथेच ओरडला होतास," काका म्हणाला.

रांगीबाईने कागद घेतला, घडी घातली. "अक्षर चांगलं असेल तुझं," एवढंच म्हणाली. दोन दिवसांनी लाकडाच्या ट्रकमध्ये बसून घाट उतरून गेली.

काका मला हाकलेल असं वाटलं होतं. हाकललं असतं तर बरं झालं असतं, मला रागावता आलं असतं. तो म्हणाला, "जा म्हणणार नाही. देवापुढून कुणाला उठवत नाहीत, तुलाही नाही. पण लिहून घालवलंस ना तिला? आता लिहूनच आण. तोवर मी दाणे बघणार नाही." आणि सूप आढ्याला टांगलं.

अकरा महिने झाले. आजारी माणसं डोंगरापलीकडच्या बडव्याकडे जातात. एक बाई तर वाटेतच गेली, दोन पोरांची आई होती. काका रोज मला भाकर वाढतो आणि सुपाचं नावही काढत नाही.

अर्ज खोटा होता, असे चार अर्ज मी पाठवले. चारींखाली नाव घातलं. एकाचंही उत्तर नाही. हा पाचवा.

रांगीबाई परत आली तर सूप तिच्याच हातात जाईल, मला माहीत आहे. अजून जळतं. हे लिहितानाही जळतंय. ती त्या अंगणात बसून ओळ उचलणार आणि मी बाजूला बसून ऐकणार. तरी लिहितोय.

तिला धडगावला परत येऊ देणार की नाही? हो की नाही, एवढंच लिहा, आणि खाली तुमचं नाव घाला.