घरगाडीची वाट

मोखाड्याच्या बाजारात उतरल्या उतरल्या उज्ज्वलाताईंनी एक बांबू विकत घेतला, तेव्हाच रूपेशनं मनाशी ठरवलं, की या बाईचं डोकं काही ठिकाणावर नाही.

रूपेश मोखाडा-खोडाळा फेऱ्या मारणारा जीपवाला. नाशिकच्या एका कंपनीनं त्याची जीप ठरवली होती आणि फोनवर एवढंच सांगितलं होतं, की आमच्या मॅडम येतील, त्यांना रस्ते दाखवा. रस्ते दाखवायचे म्हणजे काय, हे त्याला काही उमगलं नव्हतं. रस्ता तर समोरच असतो की!

बांबू विकणाऱ्या जिव्यालाही नवल वाटलं. "मांडव घालायचाय कं बाय?"

"नाही हो. या रस्त्यानं एक घर न्यायचंय," ताई म्हणाल्या. "साडेदहा फूट उंच आहे. बांबू तेवढाच तोडून द्या."

मग त्यांनी रूपेशला नीट सांगितलं. कंपनीकडं कॅरॅव्हॅन होत्या. आत पलंग, ओटा, न्हाणीघर, सगळं असलेल्या बसएवढ्या गाड्या. लोक त्या भाड्यानं घेऊन फिरायला निघत. पण त्याआधी कोणती गाडी कुठून जाईल, कुठं वळेल, कुठं थांबेल, हे ताई स्वतः जाऊन बघून येत. आधी काही वर्षं त्यांनी त्या गाड्या चालवल्याही होत्या; तेव्हापासून दुसरं कुणी चालवत असलं, की त्यांचा डोळा म्हणून लागत नसे.

"मॅडम, इथून तर खडीचे ट्रक जातात," रूपेश म्हणाला. "तुमच्या घरगाडीला काय होतंय?"

"ट्रकच्या टपावर एसी नसतो, आणि ट्रकमध्ये कुणाची आई झोपलेली नसते," ताई म्हणाल्या आणि बांबू जीपच्या पुढच्या बंपरला उभा बांधायला लागल्या.

स्टँडवरच्या जीपवाल्यांना तर आयतीच करमणूक मिळाली. "रूपेश, झेंडा कोणत्या पक्षाचा रं?" एकानं हाळी दिली. रूपेश मान खाली घालून निघाला. बांबू फांदीला लागला की ताई "थांबा" म्हणत, खाली उतरत, वर बघत. विजेच्या तारा जिथं लोंबत असत, तिथं तर कितीतरी वेळ उभ्या राहत. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्याचा जीव कावून गेला.

पण दुपारनंतर एका वळणावर त्यांनी रस्त्यात दोरी पसरली. दोरी गाडीच्या लांबीची होती. एक टोक रूपेशच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "तुम्ही पुढची चाकं. मी शेपूट. वळा."

रूपेश वळला. ताई मागून सरकल्या, आणि त्यानं मागं पाहिलं तर त्यांचे पाय आपली बाजू सोडून समोरून येणाऱ्या गाडीच्या बाजूला गेलेले. मागच्या चाकांच्याही मागं गाडीचा मोठा भाग उरतो आणि तो उलट्या अंगाला झाडूसारखा फिरतो, हे त्याला त्या क्षणी ताईंच्या पायांवरून कळलं. याच वळणावर त्यानं जीप किती वेळा घातली असेल, त्याची गणतीच नव्हती. तरी वळणाला एवढं अंग असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी घरी भाकरी खाताना तो बायकोला, चैतीला म्हणाला, "बाई रस्ता वाचते गं. आपण नुसता तुडवतो."

दुसऱ्या दिवसापासून तोच पुढं होऊन सांगायला लागला. बाजाराच्या दिवशी खोडाळ्यात दुकानं रस्त्यावर येतात. अमक्या पुलावर सकाळी गुरं बसलेली असतात. ताई मन लावून ऐकत आणि लगेच पुढचा प्रश्न विचारत. गुरं कुणाची? उठतात किती वाजता?

एका पाड्याजवळ पोशी म्हातारीच्या आंब्याची फांदी रस्त्यावर झुकलेली होती. बांबू सपकन तिच्यात घुसला. फांदी मोहोरानं भरलेली होती. "तोडायला सांगू?" रूपेशनं विचारलं. ताई सरळ म्हातारीच्या ओसरीवर जाऊन बसल्या. नागलीचं पीक कसं झालं, सून कुठं गेली, असं बोलणं झालं. फांदीचा विषय त्यांनी काढलाच नाही. परत येऊन म्हणाल्या, "पलीकडच्या फाट्यावरून घेऊ. लांबचा आहे, पण तिचे आंबे राहतील."

खोडाळ्याहून मोखाड्याला येताना एक लांबलचक चढ लागतो. त्याच्या पायथ्याशी मुरमाची जुनी खाण होती, आता नुसतं सपाट मैदान. ताईंनी टाच मारमारून ती जमीन पाहिली आणि जागेचा मालक लाडक्या याला गाठून विचारलं, "गाडी कधी अडलीच, तर इथं उभी करू का?"

"इथं कोणी थांबत नाय बाय," लाडक्या म्हणाला. "पन करा उभी. जागा काय झिजते कं?"

खरी कसोटी लागली ती वांगणीला. गाडी भाड्यानं घेतलेल्या पाहुण्यांना जव्हारच्या पुढं वावर गावावरून थेट वांगणीपर्यंत कॅरॅव्हॅन नेऊ, असा शब्द कंपनीच्या साहेबांनी परस्पर देऊन टाकला होता. वांगणीची वाट अरुंद, कडा खचलेल्या, मध्येच डांबर संपून नुसते दगड. ताई ती पायी चालून आल्या आणि तिथूनच त्यांनी फोन लावला. रूपेश शेजारीच उभा होता.

"नाही सर. वावरच्या पुढं नाही... गाडी जाईल हो. परत येईल, याची खात्री मी देणार नाही." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. "पाहुणे नाराज झाले तर मी बोलेन त्यांच्याशी. शेवटचा टप्पा ते जीपनं जातील. माझ्या पाहण्यात एक चांगला जीपवाला आहे."

रूपेशनं नजर दुसरीकडं वळवली. आपल्याला कुणी इतकं सरळ चांगलं म्हटल्याची त्याला सवय नव्हती.

पंधरवड्यानं ती गाडी आली, कसाऱ्याकडून खोडाळ्यामार्गे. पांढरीशुभ्र, अंगानं दांडगी. चालवायला कंपनीचा ड्रायव्हर विनोद होता. आत प्रतिक्षा नावाची एक बाई आणि तिचे आईवडील. आईचे गुडघे गेलेले. तिला फार वेळ बसवत नसे, म्हणून तर ही झोपायची सोय असलेली गाडी. ताई रूपेशच्या जीपमध्ये पुढं बसल्या, आणि मागं ते घर डुलत डुलत निघालं. खोडाळ्यात लोक दारात येऊन बघत उभे राहिले.

चढाच्या मध्यावर वळण घेतलं आणि रूपेशनं करकचून ब्रेक मारला. गवताच्या पेंढ्या भरलेला एक टेम्पो आडवा झाला होता. त्याचा एक्सल तुटलेला, निम्म्या पेंढ्या रस्त्यावर. दरीच्या बाजूला एक गाडी जाईल एवढी पट्टी तेवढी मोकळी होती. कॅरॅव्हॅन मागं थांबली, तिच्या मागं दोन जीप आणि मोटारसायकली अडकल्या. हां हां म्हणता गलका उठला.

"घाल रे, बसते गाडी!" एक जण ओरडला. दुसरा हातवारे करत पुढं आला, "चल, मी दाखवतो." विनोद तरुण होता. इतके लोक बघताहेत म्हटल्यावर त्यानं गिअरही टाकला.

ताईंनी त्याला हातानंच थांबवलं. जीपचा बांबू सोडवून घेतला, कडेला गेल्या आणि गवतात जोरात खुपसला. बांबू हातभर आत गेला आणि खालून मातीचा ढेपसा सुटून दरीत गडगडत गेला. तो आवाज ऐकल्यावर दाखवायला आलेला माणूस मुकाट्यानं मागं सरला.

"उलटं जायचंय," ताई म्हणाल्या. "खाणीपर्यंत."

विनोदचा चेहरा उतरला. "ताई, एवढा उतार रिव्हर्समध्ये?"

"हो. आणि सावकाश. मी आहे."

आधी त्यांनी पाहुण्यांना उतरवलं. प्रतिक्षा आणि तिच्या वडिलांनी आईला दोन्हीकडून धरून जीपमध्ये बसवलं. रूपेश पळत मागं गेला आणि जीपवाल्यांना, मोटारसायकलवाल्यांना एकेक करून खाली पिटाळलं. सगळे ओळखीचेच; कुणाला दादा केलं, कुणाला शिवी घातली. मग तो रस्ता अडवून उभा राहिला आणि बघत राहिला.

तसं त्यानं आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. ताई गाडीच्या मागं, दरीच्या अंगाला, आरशात दिसतील अशा बेतानं उलट्या पावली चालत होत्या. एक हात वर. बोट हललं की गाडी हलत होती, मूठ मिटली की थांबत होती.

"विनोद, आरशात मी दिसते ना? बास. दरीकडं मी बघते, तू माझ्याकडं बघ."

वळणावर शेपूट बाहेर झुकलं. मागचं चाक कडेच्या पांढऱ्या दगडापाशी येऊन ठेपलं. ताईंनी मूठ मिटली. गाडी थांबली. "थोडी पुढं घे. आता स्टिअरिंग पूर्ण फिरव. शाब्बास. ये." आवाज इतका निवांत, की जणू लेकराला पायऱ्या उतरायला शिकवताहेत. मघाचा गलका कुठल्या कुठं विरून गेला होता. सगळा घाट एका बाईच्या हाताकडं बघत होता.

गाडी खाणीच्या मैदानात येऊन टेकली, तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. विनोद खाली उतरला आणि मटकन बसला. ताईंनी त्याला पाणी दिलं, शेजारी बसल्या. "गाडी तू आणलीस," त्या म्हणाल्या. "मी नुसती चालत होते."

रूपेशनं जीपमधून पाहुण्यांनाही खाली आणलं. टेम्पो हलेपर्यंत दुपार टळली. तोवर प्रतिक्षानं गाडीचं बाजूचं छत उघडलं आणि आतल्या ओट्यावर चहा ठेवला. अडकलेले सगळेच सावलीला आले. प्रतिक्षाची आई दारातल्या पायरीवर बसून आलेल्या बायकांशी गुडघ्यांचं बोलत होती, आणि त्या तिला निरगुडीचा शेक सांगत होत्या. लाडक्यानं घरून काकड्या आणल्या. फिरायला निघालेल्या त्या कुटुंबाला पुढं जव्हारला राजवाडा दिसला, वांगणीची माळरानं दिसली, पण जाताना प्रतिक्षा रूपेशला म्हणाली, की आईला सगळ्यात आवडलं ते खाणीतलं मैदान.

वांगणीची फेरी ठरल्याप्रमाणे जीपनं झाली. पाहुण्यांना वावरला त्यांच्या गाडीपाशी सोडलं, मग ताईंना नाशिकच्या एसटीला बसवायला रूपेश मोखाड्याकडं निघाला. जव्हारला एक बाजारकरीणही मागं बसली. ऊन कलतं होतं. जव्हार मागं पडलं तरी शेजारून एकही प्रश्न आला नाही, म्हणून त्यानं वळून पाहिलं. ताई झोपल्या होत्या. मान खिडकीला टेकलेली, हात मांडीवर सैल पडलेले.

जी बाई दुसऱ्याच्या गाडीत डोळ्याला डोळा लागू देत नाही, ती आपल्या गाडीत झोपली. रूपेशनं खांदे सरळ केले, एक गिअर कमी केला आणि पुढचं वळण इतकं अलगद घेतलं, की मागं बसलेली बाजारकरीण वैतागून म्हणाली, "आरं, गाडी चालवतोस कं पालखी नेतोस?"

"हळू बोल मावशे," तो म्हणाला. "ताई झोपल्यात."